पाच वर्षांची आरडी आणि एक डेस्कटॉप: डिझाइन आणि गेमिंगसाठी कॉम्प्युटर घेताना पैसे आधी कुठे घालायचे?

पनवेलहून बोलतोय. बाहेर जोरात पाऊस आहे. ऐकणाऱ्यांना मागे पत्र्यावरचा आवाज येईल, वाचणाऱ्यांची त्यातून सुटका. नेहमीप्रमाणे बोललो तेच थोडं आवरून इथे लिहिलंय.

दर वर्षी ॲडमिशनचा सीझन आला की मला एकच प्रश्न येतो. "दादा, डिझाइनचं शिकतोय, गेम पण खेळतो, कुठलं ग्राफिक्स कार्ड घेऊ?" या वेळी तो घरातूनच आला.

मावशीचा फोन होता. "अरे, हिला बीएफएला ॲडमिशन मिळाली. काका म्हणतात, कॉम्प्युटर तुला विचारूनच घ्यायचा." हिला म्हणजे माझ्या मावसबहिणीला. सीईटी देऊन अप्लाइड आर्टला लागली. कॉलेज मुंबईत, राहणं पनवेललाच. रात्री मैत्रिणींबरोबर व्हॅलोरंट खेळते. ते मावशीला सांगू नकोस असं तिने मला बजावलं होतं. मावशीला ते आधीपासून माहीत होतं.

पैसे होते काकांच्या आरडीचे. पोस्टातली पाच वर्षांची आरडी, महिन्याला हजार रुपये. ६० हप्ते भरले की व्याज धरून साधारण ७० हजार हातात येतात. काका कळंबोलीच्या स्टील मार्केटमध्ये हिशेब लिहितात. त्यांनी मला एकच अट घातली. "एकदा घेतला की पाच वर्षं परत नवीन घ्यायला लागू नये."

मंडळी, ही अट नीट ऐका. आजचा अख्खा भाग तिच्यावरच आहे.

आधी, डेस्कटॉपच का?

हा प्रश्न पहिला सोडवा. पनवेल ते सीएसएमटी लोकलने जवळपास सव्वा तास लागतो, आणि सकाळी त्या डब्यात पाठीवर सॅक घेऊन उभं राहणं म्हणजे काय ते तुम्हाला माहितीय. त्यात अडीच किलोचा गेमिंग लॅपटॉप आणि त्याचा विटेएवढा चार्जर. तेवढ्याच पैशात डेस्कटॉप जास्त काम करतो, कमी तापतो, आणि एक पार्ट गेला तर तेवढाच बदलता येतो.

पण कॉलेजमध्ये रोज लॅपटॉप लागत असेल तर हे सगळं गणित बदलतं. म्हणून मी तिला आधी दोन सीनियर्सना विचारायला लावलं. त्यांचं म्हणणं असं की पहिलं वर्ष बहुतेक कागद, रंग आणि ब्रश यातच जातं, कॉम्प्युटरचं काम नंतर वाढतं. मग डेस्कटॉप ठरला. तुम्हीही तुमच्या कॉलेजात विचारा. माझ्या बहिणीचं उत्तर तुम्हाला लागू पडेलच असं नाही.

निम्मे पैसे कार्डात

तिच्या एका मित्राने तिला यादी बनवून दिली होती. ७० हजारांतले जवळजवळ निम्मे ग्राफिक्स कार्डाला. मॉनिटरसमोर फक्त "२४ इंच". आणि एसएमपीएस, म्हणजे वीज पुरवणारा डबा, त्याच्यासमोर लिहिलेलं, "कॅबिनेटसोबत फ्री".

ते "फ्री" वाचलं आणि माझ्या पोटात गोळाच आला. कारण २०१९ मध्ये मी हेच केलं होतं.

तेव्हा मी डीटीपीची कामं करायचो. पत्रिका, बॅनर, मंडळाच्या अहवालाचं पान. पहिल्यांदा पैसे साठले तसं मोठं कार्ड घेतलं, आणि बाकीचं सगळं दुकानदाराने सुचवलेलं स्वस्त. डब्यावर ७५० वॉट लिहिलेलं. हातात घेतला तर पुठ्ठ्याच्या खोक्यासारखा हलका. मला काय कळतंय! पुढच्या जुलैत एका संध्याकाळी लाइट गेली, आली, परत गेली, परत आली. आणि फट् असा आवाज. एसएमपीएस गेला, आणि जाताना मदरबोर्ड आणि हार्डडिस्क दोन्ही घेऊन गेला. त्या डिस्कवर माझं दोन वर्षांचं काम होतं. दुसरीकडे कॉपी नव्हती. चूक माझीच.

दुसरी गोष्ट त्याच मशीनची. गणपतीत मंडळाचा बॅनर केला. माझ्या स्क्रीनवर भगवा फिका दिसत होता म्हणून मी तो चढवत गेलो, चढवत गेलो. छापून आला तो विटेसारखा लाल. कार्यकर्ते म्हणाले, "हा भगवा कुठला?" दुसरा बॅनर माझ्या खिशातून छापला. स्क्रीन स्वस्तातली टीएन पॅनलची होती. समोरून एक रंग, जरा मान खाली केली की दुसरा.

म्हणजे बघा, माझ्या मशीनमध्ये सगळ्यात महाग वस्तू कार्ड होती, आणि मला नडल्या त्या सगळ्यात स्वस्त दोन वस्तू.

मग क्रम काय लावायचा?

मी बहिणीला एक साधा नियम सांगितला. जी वस्तू नंतर बदलणं कठीण, तिच्यावर पैसे आधी. जी नंतर पाच मिनिटांत बदलता येते, ती शेवटी.

घर बांधताना वायरिंग आणि नळाचे पाइप भिंतीत जातात, म्हणून ते चांगले घालायचे. सोफा काय, पुढच्या दिवाळीला घेता येतो. कॉम्प्युटरमध्ये मदरबोर्ड आणि एसएमपीएस ही भिंतीतली कामं. मॉनिटर तर मशीन बदललं तरी राहतो, तोच सगळ्यात जास्त वर्षं समोर असतो. आणि ग्राफिक्स कार्ड म्हणजे सोफा. दोन स्क्रू, एक क्लिप, एक वायर. नंतर कधीही बसवा.

यावर ती म्हणाली, "दादा, कार्डच नाही तर गेमिंग पीसी कसला?" प्रश्न बरोबर आहे. आता एकेक बघू.

डिझाइनचं सॉफ्टवेअर मागतं तरी काय?

फोटोशॉप आणि इलस्ट्रेटर यांना लागते ती रॅम, वेगवान एसएसडी आणि प्रोसेसरच्या एकेका कोअरचा वेग. महागड्या कार्डाचा फायदा त्यांना होतो, पण काही फिल्टर आणि इफेक्टपुरता. पहिल्या दोन वर्षांत पोस्टर, लोगो, पॅकेजिंग, मांडणी एवढं करायचं असेल तर ३० हजारांचं कार्ड बराच वेळ नुसतं बसून राहतं.

कार्ड खरंच लागतं ते दोन ठिकाणी. एक, थ्रीडी. ब्लेंडरमध्ये रेंडर लावलं की कार्ड असेल तर मिनिटांत होतं, नसेल तर चहा पिऊन या, जेवूनही या. दोन, मोठे गेम. व्हॅलोरंट त्यात येत नाही, तो मुद्दाम साध्या मशीनवर चालेल असा बनवलाय. फक्त विंडोज ११ वर त्याला टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट चालू लागतात. "गेम उघडत नाही" म्हणून ओरडण्याआधी बायोसमध्ये जाऊन ते बघा.

विंडोजच का, असंही तिने विचारलं. आपल्याकडचे बरेच प्रिंटिंग प्रेस आणि फ्लेक्सवाले कोरलड्रॉ आणि श्रीलिपीवर काम करतात. इंटर्नशिप करायची, फाइल द्यायची-घ्यायची, तर विंडोज सोयीचं. विंडोजच्या लायसन्सचा खर्च मात्र बजेटमध्ये धरा. माझ्याकडे जुन्या मशीनचं रिटेल लायसन्स पडून होतं, ते तिला दिलं. रिटेल लायसन्स दुसऱ्या मशीनवर नेता येतं. मशीनसोबत आलेलं ओईएम लायसन्स त्या मदरबोर्डाशी बांधलेलं असतं. आणि दुकानदार "सगळं क्रॅक टाकून देतो" म्हणाला तर हात जोडा. त्या क्रॅकमधून काय काय आत येतं ते त्यालाही माहीत नसतं. अडोबी विद्यार्थ्यांना सवलतीत देतं. ब्लेंडर, क्रिटा, इंकस्केप तर फुकटच आहेत.

मॉनिटर: डिझाइनरचे डोळे

बॉक्सवर तीन गोष्टी शोधा.

पहिली, पॅनल आयपीएस आहे का. कुठूनही बघितलं तरी रंग जवळपास तोच दिसतो.

दुसरी, एसआरजीबी किती टक्के. ९९ किंवा १०० हवं. कधी कधी हे न लिहिता "४५ टक्के एनटीएससी" असं लिहिलेलं असतं. वाचायला काहीतरी भारी वाटतं, पण तो फिका पॅनल. "७२ टक्के एनटीएससी" म्हणजे साधारण पूर्ण एसआरजीबी. हा एक आकडा लक्षात ठेवलात तरी आजचा भाग वसूल.

तिसरी, रिफ्रेश रेट. ऑफिसचे मॉनिटर ६० हर्ट्झचे असतात, म्हणजे चित्र सेकंदाला ६० वेळा बदलतं. गेमसाठी १०० च्या पुढे हवा, पण २४० च्या नादात रंग सोडू नका. आकार २४ इंच असेल तर फुल एचडी पुरतं. २७ इंच घेतलात तर १४४०पी घ्या, नाहीतर अक्षरांच्या कडा फुटलेल्या दिसतात, आणि देवनागरीत तर मात्रा आणि रफार लगेच उठून दिसतात. देवनागरीवरून आठवलं, फोटोशॉपमध्ये मराठी टाइप करताना जोडाक्षरं तुटत असतील तर कॉम्प्युटर खराब नाही. टाइपच्या सेटिंगमध्ये भारतीय लिप्यांसाठीचा वर्ल्ड-रेडी पर्याय निवडा.

आणि कितीही चांगला मॉनिटर घ्या, स्क्रीनचे रंग प्रकाशाचे, छपाईचे शाईचे. स्क्रीन आरजीबीत बोलते, प्रेस सीएमवायकेत. झगझगीत भगवा, गडद निळा असे काही रंग शाईत तसेच्या तसे येतच नाहीत. म्हणून मोठं काम छापायच्या आधी ए४ वर एक नमुना काढून बघा. माझा बॅनर तेवढ्यावर वाचला असता.

एसएमपीएस, अर्थिंग आणि पनवेलचा पाऊस

एसएमपीएस नावाजलेल्या कंपनीचा घ्या, पाच वर्षांची वॉरंटी बघून. "८० प्लस" हा शिक्का वीज किती वाया जाते ते सांगतो, डबा किती सुरक्षित आहे ते नाही. म्हणून नुसत्या शिक्क्यावर जाऊ नका, त्याच मॉडेलचा रिव्ह्यू वाचा. वॉट किती? उदाहरण देतो. आरटीएक्स ५०६० हे कार्ड १४५ वॉट घेतं आणि कंपनी त्याला ५५० वॉटचा एसएमपीएस सुचवते. आम्ही ६५० चा घेतला, म्हणजे पुढे कार्ड आलं तरी डबा बदलायला नको.

मग यूपीएस. इथे फसायला होतं ते व्हीए आणि वॉटमध्ये. ६०० व्हीए लिहिलेला छोटा यूपीएस बहुतेक वेळा ३६० वॉटच देतो. कार्ड नसलेल्या मशीनला भरपूर झालं. फाइल सेव्ह करून नीट बंद करायला चार-पाच मिनिटं मिळतात. मोठं कार्ड लावल्यावर गेम चालू असताना लाइट गेली तर मात्र तो किंचाळत बसेल. तेव्हा मोठा घ्यावा लागेल, हे आत्ताच धरून चाला.

घरात इन्व्हर्टर आहे म्हणून यूपीएस नको, असं काका म्हणाले. मी इन्व्हर्टर बघितला तर स्क्वेअर वेव्हचा. पंखा-ट्यूबला चालतो, पण आजकालच्या चांगल्या एसएमपीएसना ती वीज मानवत नाही. इन्व्हर्टर प्युअर साइन वेव्ह असेल आणि त्यावर यूपीएस मोडचं बटण असेल तर गोष्ट वेगळी.

आणि सगळ्यात स्वस्त काम, अर्थिंग. इलेक्ट्रिशियनला बोलावून तीन पिनचा सॉकेट तपासून घ्या. मावशीकडे त्या सॉकेटला अर्थिंगची वायरच जोडलेली नव्हती! एका तासात काम झालं. मशीन खिडकीखाली ठेवू नका, झड आत येते. जमिनीवर नको, टेबलावर किंवा स्टुलावर ठेवा. आणि पावसाळ्यात आठवडा-आठवडा बंद ठेवू नका, चालू राहिलं की आतली ओल सुकते.

प्रोसेसर, रॅम, एसएसडी

आता तिच्या प्रश्नाचं उत्तर. कार्ड नाही तर गेम कसा? आम्ही घेतला रायझन ५ ८६००जी. हा प्रोसेसर २०२४ च्या सुरुवातीला आला आणि त्याच्या पोटातच बऱ्यापैकी ग्राफिक्स आहे. व्हॅलोरंट त्यावर मस्त चालतं, जरा जुने गेम सेटिंग उतरवून चालतात. नवे मोठे गेम नाही चालणार, हे तिला आधीच सांगितलं. फसवायचं नाही.

नावाच्या शेवटचं अक्षर वाचायला शिका. इंटेलच्या नावापुढे "एफ" असेल, जसं आय५ १२४००एफ, तर त्यात ग्राफिक्स अजिबात नाही. कार्डाशिवाय स्क्रीनवर काहीच दिसणार नाही. थोडा स्वस्त म्हणून तो घेऊन घरी आलेले लोक मला भेटलेत.

या निवडीची एक किंमत आहे. याच पैशातला साधा प्रोसेसर पुढे मोठं कार्ड लावल्यावर गेममध्ये ८६००जी पेक्षा थोडा पुढे राहतो, कारण "जी" वाल्यात कॅश कमी असते. कार्डाचे पैसे आत्ताच हातात असतील तर तो घ्या. नसतील तर "जी" घ्या.

मदरबोर्ड एएम५ सॉकेटचा घेतला. एएमडीने हे सॉकेट २०२७ आणि त्यापुढेही चालवू असं सांगितलंय. आधीचं एएम४ २०१६ ला आलं आणि त्यावर बसणारे नवे प्रोसेसर २०२४ मध्येही निघाले. म्हणजे चार वर्षांनी नुसता प्रोसेसर बदलून भागेल. काकांची अट इथे पाळली जाते.

रॅम १६ जीबी, पण ८-८ च्या दोन पट्ट्या. पोटातलं ग्राफिक्स रॅममधूनच उसनं घेतं, आणि दोन पट्ट्या असल्या की रस्ता दुप्पट रुंद होतो. घरी आल्यावर बायोसमध्ये एक्स्पो चालू करा, नाहीतर रॅम कमी वेगाने चालत राहते आणि तुम्हाला कळतही नाही. ३२ जीबी घ्यायची इच्छा होती. पण एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी चिप्स ओढायला सुरुवात केली आणि २०२५ च्या शेवटाला रॅमचे भाव असे चढले की हात आखडावा लागला. एसएसडी १ टीबी, एनव्हीएमई. आणि कामाची एक कॉपी बाहेरच्या डिस्कवर, एक क्लाउडवर. हे मी का सांगतोय ते तुम्ही ऐकलंच आहे.

शंभर रुपयांचे वाटे

भाव दर आठवड्याला हलतात, म्हणून आकडे नाही, वाटे सांगतो. १०० रुपयांतले आम्ही असे घातले: प्रोसेसर २२, मॉनिटर २०, मदरबोर्ड १५, रॅम १२, एसएसडी ९, एसएमपीएस ८, हवा खेळणारं साधं कॅबिनेट ५, यूपीएस ५, आणि छोटा पेन टॅबलेट ४. कीबोर्ड-माउस जुनाच. रंगीत दिवे शून्य.

खरेदीचा दिवस

पनवेलला, वाशीला दुकानं आहेतच, पण भाव ताडून बघायला एकदा लॅमिंग्टन रोडला गेलो. पाटीवर नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. कुर्ल्याला बदला, दादरला पश्चिम रेल्वे पकडा, ग्रँट रोडला उतरा. तीन दुकानांतून तीच यादी लिहून घ्या. यादीत प्रत्येक पार्टचं पूर्ण मॉडेल हवं. "६५० वॉट एसएमपीएस" एवढं लिहून चालत नाही.

"बिल नको म्हणालात तर १८ टक्के जीएसटी वाचेल," असं एकाने सुचवलंच. काकांनी चष्मा वर केला आणि म्हणाले, "मी आयुष्यभर बिलंच लिहितोय." विषय संपला. पार्ट बिघडला की तुमची बाजू मांडतं ते बिल. त्यावर सीरियल नंबर लिहून घ्या, वॉरंटी भारतातली आहे का विचारा, सर्व्हिस सेंटर कुठे ते बघा. मॉनिटर दुकानातच लावून पांढरी, काळी, लाल, हिरवी, निळी स्क्रीन बघा. मेलेला पिक्सेल तिथेच सापडतो.

मशीन लागून आता तीन आठवडे झालेत. या काळात लाइट सहा वेळा गेली, काकांनी मोजली. सहाही वेळा तिने फाइल सेव्ह करून मशीन नीट बंद केलं. तिने पहिलं पोस्टर केलं, आधी ए४ वर नमुना काढला, भगवा जरा उतरवला, मग छापलं. व्हॅलोरंट चालू आहे, मोठ्या गेमसाठी अजून कुरकुर चालू आहे. त्यावर तिने स्वतःच तोडगा काढला. ओळखीतल्या पत्रिका आणि लोगोची छोटी कामं घेते आणि त्यातले पैसे बाजूला टाकते. कार्ड ती स्वतःच्या पैशाने घेणार. तोवर थ्रीडी शिकायची वेळ येईल, आणि कुठलं कार्ड हवं ते तिला माझ्यापेक्षा जास्त कळत असेल.

काका रोज संध्याकाळी येऊन कॅबिनेटवरून एकदा फडकं मारतात. परवा विचारत होते, "यात एक्सेल चालतं ना रे?"

तर मंडळी, यादी हातात आली की आधी शेवटून वाचा. जिथे "फ्री" लिहिलंय, तिथून सुरुवात करा. तुमचं बजेट, कॉलेज आणि कुठला गेम खेळता ते कळवा, पुढच्या भागात त्यातल्या दोन-तीन याद्या उघडून बसू. तोवर काळजी घ्या, आणि हो, बॅकअप घ्या!